वरचं गाव, खालचं गाव

एप्रिल लागला तरी नदीत बर्फ.
भरती आली की तुकडे उलटे निघतात,
समुद्र इतका लांब, तरी इथवर त्याचा हात पोचतो.
मी कठड्याला टेकून गुडघा चोळते.
नकाशात केबेक सपाट होतं.

नकाशात बोटभर अंतर.
खरं तर मध्ये एक कडा,
कड्याला लोखंडी जिना,
जिन्याच्या वळणावर एक बाक
आणि बाकावर माझ्याच वयाचं कुणीतरी,
दमलो नाही, नदी बघतोय, असं दाखवणारं.

वरचं गाव पाहुण्यांसाठी घासूनपुसून ठेवलेलं.
तटावर तोफा, नदीवर रोखलेल्या,
एकीच्या तोंडात कॉफीचा कागदी पेला.
फोटो काढला, पुसून टाकला.

तीस वर्षांपूर्वी नागपुरात, ऑफिस सुटल्यावर,
शिकले होते ही भाषा.
पुस्तकातला मस्यू लावाल रोज पाव घ्यायचा
आणि रोज विचारायचा, स्टेशन कुठे आहे.
इथे आला असता तर हरवला असता बिचारा.
इथे स्वर ऐसपैस बसतात,
शब्दांची शेपटं गळतात,
दुसऱ्याच वाक्याला 'तुम्ही' खुंटीवर
आणि 'तू' घरात.
मी जपून ठेवलेले भूतकाळ बाहेर काढते.
बेकरीतली पोरगी ऐकते, हसते,
उत्तर इंग्रजीत देते.
मी पैसे फ्रेंचमध्येच मोजते, हट्टानं,
आणि चुकते.
ऐंशीला ही माणसं 'चार विसा' म्हणतात.
मग मात्र फार परकी वाटेनात.

पूल ओलांडून लिम्वालू.
म्हणताना तोंडात लिंबू आणि आलू एकदमच.
(आमच्याकडे आलूच म्हणतात. हसा.)
इथे जिने घराबाहेर, गोल गोल, रस्त्यावर उतरलेले.
फुटपाथवर हिवाळ्याची उरलेली वाळू
आणि वितळत्या ढिगातून वर येणाऱ्या वस्तू:
बाटलीचं बूच, खराटा, अर्धी पावती,
एक लाल हातमोजा, लहान मुलाचा.
कुणीतरी तो कुंपणाच्या टोकावर चढवलाय.
गल्ली हात वर करून हजेरी देते.

उगेतबाई जिना झाडत होत्या.
झाडूचा दांडा मोडला
आणि त्यांच्या तोंडून अख्खं देवघर बाहेर पडलं:
वेदी, प्रसाद, तीर्थाचा पेला,
एकाला एक जोडून, दात आवळून.
मी बघत राहिले, तेव्हा म्हणाल्या,
"काय करणार, आमच्या शिव्या चर्चमधल्याच.
तिकडे आता कुणी जात नाही.
सामान तेवढं तोंडात राहिलं."
मग मोडक्या दांड्यानं रस्त्यापलीकडे दाखवलं,
"माझं लग्न त्या तिथे झालं.
आता तिथे सर्कस शिकवतात."

मला वाटलं, माझं फ्रेंच पुन्हा चुकलं.

नव्हतं चुकलं.
दाराशी उभी राहून बघितलं:
घुमटाखाली, पार वर,
एक मुलगी गुडघ्यात दांडी अडकवून उलटी.
खाली चिक्कार गाद्या. मास्तर मोजतोय, आँ, दो...
तिनं हात सोडले.
मी ओरडले, "अगं बाई!"
दिवसभरात तेवढंच माझं वाक्य
सगळ्यांना पहिल्या फटक्यात कळलं.

परत येऊन उगेतबाईंना सांगितलं.
त्यांनी पाणी दिलं. माझा गुडघा कुठला, त्यांचा कुठला,
यावर बरंच बोलणं झालं,
निम्मं बोटांनी.
निघाले तर म्हणाल्या, "बोंजूर."
पुस्तकात तो भेटतानाचा शब्द.
मी पायरीवर थबकले, परत बोलावतायत की काय?
मग उमगलं, निरोप घेतानाही तोच म्हणतात इथे.
आणि आपण तरी काय,
चपला घालून, पाठ फिरवून,
'येते' म्हणतो.
म्हटलं, "येते."
त्यांनी मान हलवली, कळल्यासारखी.

कड्याचा जिना अजून बाकी होता.
वळणावर मागे बघितलं,
पण इथून ती गल्ली दिसत नाही.
मघाशी तिथून जाताना मात्र
कुंपणाचं टोक रिकामं होतं.
लाल मोजा कुणी नेला,
की वाऱ्यानं?
मोजताना मध्येच पायऱ्या चुकल्या.
चार विसा आणि वर काहीतरी.